डॉक्टरलाही सोबत हवी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, या ग्रंथासाठी लिहून काढलेले)



 विषय ठरविण्यासाठी चिटणीस आमच्याकडे आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही मधुमेह, रक्तदाब किंवा साठीनंतरचा आहार यांपैकी कशावर तरी बोलावे. डॉक्टरला व्यासपीठावर बोलावले म्हणजे त्याने श्रोत्यांच्या प्रकृतीविषयी चार शब्द सांगावेत, हा संकेतच आहे. तो संकेत आज आम्ही मोडणार आहोत. आज रोग्याविषयी नव्हे, तर त्याच्यासमोर बसणाऱ्या डॉक्टरविषयी बोलावयाचे आहे. त्यातही मोठ्या इस्पितळातील तज्ज्ञाविषयी नव्हे, तर गल्लीतल्या दवाखान्यात, खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात एकट्याने बसणाऱ्या माणसाविषयी. त्याला व्यवसायात सोबत कोणाची असते, ती नसली तर काय घडते, आणि ती कशी उभी करता येते, हा आजचा विषय. याचा आपल्या मंडळाशी काय संबंध, अशी शंका आपल्या मनात येईल. तो संबंध शेवटी सांगू, आणि त्याबरोबर मंडळाकडे एक मागणेही मागू.

आम्ही १९८२ साली नागपूरहून या बिलासपुरात आलो. महाविद्यालयात असताना शंका आली की वऱ्हांड्यात उभ्या असलेल्या कोणालाही विचारता येई. वरिष्ठ रागावत, पण उत्तर देत. येथे दवाखान्यावर पाटी लागली आणि त्या दिवसापासून आम्हाला सर्व काही येते असे लोकांनी गृहीत धरले. पुढे आम्हीही तसेच दाखवू लागलो. आत टेबल, खुर्ची, तपासण्याचा पलंग, आणि पडद्यापलीकडे औषधे बांधणारा कंपाउंडर. विचारावे कोणाला? शेजारच्या रस्त्यावरील डॉक्टरला विचारावे तर तो प्रतिस्पर्धी. आपले अज्ञान त्याच्या कानी गेले तर उद्या ते गावभर होईल, अशी भीती. तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी तर रोगी परत येईलच असे नाही. अशा रीतीने दिवसाला साठ-सत्तर माणसांशी बोलूनही आम्ही एकटे होतो.

त्या काळातील एक रोगी आम्ही विसरलेलो नाही. नऊ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा. सांधे दुखत, मधूनमधून ताप येई, चेहरा पांढुरका पडलेला. आम्ही त्यास संधिवाताचा ताप ठरविला आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊ लागलो. असे आठ महिने चालले. बाप दर वेळी मुलाला सायकलवर बसवून आणी आणि उपचाराविषयी चकार शब्द काढीत नसे. त्याचा हा विश्वासच आम्हाला पुढे सर्वांत जास्त बोचला.

त्याच सुमारास रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका बंगाली डॉक्टरांनी आम्हाला घरी चहाला बोलावले. त्यांना सारे गाव दादा म्हणे. दर गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा डॉक्टर त्यांच्याकडे जमत. नियम एकच होता. आपण बरा केलेला रोगी सांगावयाचा नाही. न समजलेला रोगी सांगावयाचा. आमची पाळी आली तेव्हा आम्ही काहीशा संकोचाने त्या मुलाची हकीकत सांगितली. दादांनी तीनच प्रश्न विचारले. डोळ्यांत पिवळेपणा आहे का? प्लीहा हाताला लागते का? घरात आणखी कोणाला असे होते का? मग म्हणाले, "डॉक्टर, त्याच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्या." आमच्यातील एकाची छोटी प्रयोगशाळा होती. त्याने त्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण घातले, वर पातळ काच ठेवून कडा बंद केल्या, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या पेशी विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या होत्या. तो सिकलसेलचा आजार होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा आजार आम्हास अपरिचित नव्हता. विदर्भात तो आहे, छत्तीसगडात आहे. पुस्तकात आम्ही तो वाचला होता, परीक्षेत त्यावर लिहिलेही होते. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ते जागे करणारा प्रश्न विचारील असे माणूस जवळ नव्हते. त्यानंतर त्या मुलाला फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, आणि ताप येताच तातडीने उपचार, अशी योग्य वाट मिळाली. तो पुढे शिकला, नोकरीलाही लागला. परंतु ती आठ महिन्यांची इंजेक्शने आमच्या खात्यावर कायमची जमा आहेत. २०२३ च्या १ जुलैला आपल्या शेजारच्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला, ते वाचताना आम्हाला प्रथम आठवली ती दादांच्या बैठकीतील ती संध्याकाळ.

ही झाली ज्ञानाची सोबत. दुसरी सोबत याहून खोल आहे, आणि तिच्या अभावी काय होते हे आमच्या एका मित्राच्या बाबतीत आम्ही पाहिले.

हा मित्र आमच्याच वर्गातला. डोंगराळ भागातील एका आरोग्य केंद्रात तो एकटा डॉक्टर होता. एका रात्री बाळंतीण आली. मूल झाले, वारही पडली, पण रक्त थांबेना. त्याने गर्भाशय आकुंचन पावण्याचे इंजेक्शन दिले, पोट चोळले, दोन्ही हातांना सलाईन लावले. जीप बिघडलेली, आणि रक्त मिळण्याचे ठिकाण सत्तर किलोमीटरांवर. पहाटे ती बाई गेली. लोक जमले, बोलू नये ते बोलले. चौकशी झाली, तीत त्याचा दोष निघाला नाही. कागद मिटला. वर्षभरात त्याने रोगी तपासणे सोडले आणि फायलींवर सह्या करण्याची नोकरी धरली. आम्हाला वाटले, कंटाळला असेल. बारा वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "त्या रात्री मी कुठे चुकलो का, एवढे विचारायला मला कोणी नव्हते रे. चौकशी करणाऱ्यांनी दोष आहे का ते विचारले. मला काय झाले ते कोणी विचारले नाही."

श्रोतेहो, त्या केंद्रातील हजारो माणसांनी त्या वर्षी एक चांगला डॉक्टर गमावला. कोणत्याही तक्त्यात या हानीची नोंद नाही. आरोग्य केंद्रे ओस का पडतात याची कारणे आपण पगारात, रस्त्यांत आणि घरांत शोधतो. ती कारणे खरीच आहेत. पण एकटेपणा हेही त्यांतले एक कारण आहे.

आपल्या पूर्वसूरींना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्यातील अल्पकालीन योजनेत चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले आहे, आणि त्यात डॉक्टर एक नव्हे, दोन सांगितले आहेत. पुढे केंद्रे वाढली, मैदानी भागात तीस हजारांमागे आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांमागे एक, असे प्रमाण ठरले. परंतु अनेक ठिकाणी डॉक्टर एकच राहिला.

व्यावसायिकांच्या संघटनाही जुन्या आहेत. १९२८ साली कलकत्ता येथे भरलेल्या पाचव्या अखिल भारतीय वैद्यकीय परिषदेत आजच्या इंडियन मेडिकल असोसिएशनची स्थापना झाली. त्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. गो. वि. देशमुख हे होते. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा १९३७ चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे देशमुख. १९६३ साली याच संघटनेने सामान्य वैद्यकव्यवसायींसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढले. इंग्लंडात असे महाविद्यालय १९५२ साली निघाले होते. या संस्थांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, नवे ज्ञान पोचविले, हे उपकार मोठे आहेत. तथापि सभागृहात दोनशे माणसांपुढे "मला समजले नाही" असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी लहान खोली लागते.

ही लहान खोली ज्याने शास्त्रीय रीतीने वापरली तो मायकेल बालिंट. बुडापेस्टच्या एका सामान्य डॉक्टरचा हा मुलगा, स्वतः मनोविश्लेषक, १९३९ साली इंग्लंडात आला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये १९५० च्या सुमारास त्याने आणि एनिड बालिंट यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट बसविले. एकाने आपला रोगी टिपणाशिवाय, आठवेल तसा सांगावयाचा. बाकीच्यांनी उपदेश न करता ऐकावयाचे आणि या डॉक्टरचे व रोग्याचे नाते कोठे अडले आहे ते शोधावयाचे. १९५७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एक विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. व्यवसायात सर्वांत अधिक वापरले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टर. परंतु या औषधाची मात्रा किती, ते कोणाला सोसत नाही, त्याचे दुष्परिणाम कोणते, हे कोणत्याच औषधकोशात लिहिलेले नाही. रोगी एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि त्याची जबाबदारी अखेर कोणाचीच राहत नाही, हा दोषही त्याने दाखवून दिला. आज आपल्या शहरांत हा दोष घरोघरी अनुभवास येतो.

परंतु यासाठी लंडनलाच जावयास हवे असे नाही. आपल्याच भाषेच्या मुलखात, अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम आरंभिले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांतून आरोग्यसेविका तयार केल्या. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. या बाया नेमाने जामखेडला जमत, गोल करून बसत, आणि आपापल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. एकीला जे अडले ते दुसरीला आधी अडून गेलेले असे. एकमेकींकडून शिकत, एकमेकींना धीर देत त्यांनी पिढ्यान्पिढ्यांच्या समजुतींशी झुंज घेतली. परदेशी विद्वान ज्याला आज व्यावसायिक आधाराचे जाळे म्हणतात, ते या बायांनी सतरंजीवर बसून विणले होते. पुढे १९८६ साली गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काम उभे केले. आपल्या बिलासपूरजवळच्या गनियारी येथे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या डॉक्टरांच्या एका गटाने २००० च्या सुमारास दवाखाना सुरू केला. जामखेड, गडचिरोली, गनियारी. या तिन्ही ठिकाणी माणसे एकेकटी गेली नाहीत. दोघे गेले किंवा गट गेला. हा केवळ योगायोग नसावा. ज्यांना असे गटाने जाता आले नाही, अशा विखुरलेल्या डॉक्टरांना एकत्र आणण्याचे काम १९७४ च्या सुमारास जन्मलेल्या मेडिको फ्रेंड सर्कलने केले. वर्षातून एकदा भेटायचे, पत्रिकेतून एकमेकांशी वाद घालायचा, एवढ्याच भांडवलावर ते मंडळ टिकले.

आता काळ बदलला आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली एक पद्धत काढली. हेपटायटिस सी या यकृताच्या रोगासाठी रोग्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागे. अरोरांनी रोग्यांना शहरात आणण्याऐवजी खेड्यातील डॉक्टरांना दर आठवड्याला पडद्यावर एकत्र आणले. एकेकाने आपला रोगी मांडावा आणि सर्वांनी मिळून शिकावे. खेड्यातील उपचारांचे फळ विद्यापीठातील उपचारांच्या बरोबरीचे असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने हीच रीत मानसिक आजारांसाठी वापरली आणि तिचा लाभ आपल्या छत्तीसगडातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही झाला. अंतर हा अडथळा आता पूर्वीइतका राहिलेला नाही.

मग गुरुवारच्या बैठकीची गरज संपली का? आमच्या मते नाही. भ्रमणध्वनीवर डॉक्टरांचे गट आज उदंड आहेत. क्ष-किरणाचे चित्र पाठविले की दहा मिनिटांत पाच मते येतात. त्यांचा उपयोग आहेच. परंतु तेथे रोग्याचे नाव झाकण्याची फिकीर कोणी करीत नाही, मत देणारा त्या मताची जबाबदारी घेत नाही, आणि ज्या डॉक्टरची बाळंतीण पहाटे गेली तो शंभर जणांच्या त्या गटात ते लिहीत नाही. लिहिलेच तर त्याला हात जोडल्याची चित्रे मिळतात. समोर बसून ऐकणारे माणूस मिळत नाही.

आमची गुरुवारची बैठक सव्वीस वर्षे चालली. तिच्यातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. वार ठरलेला असावा. कोणी येवो न येवो, दिवा लागला पाहिजे. माणसे थोडी असावीत. सांगितलेले बाहेर जाऊ नये आणि रोग्याचे नाव तर आतही घेऊ नये. चहाचा खर्च आपला आपण करावा. औषधकंपनीच्या जेवणावर बसलेली माणसे मोकळेपणाने बोलू शकत नाहीत. केंद्र शासनाने २०२४ साली औषधकंपन्यांच्या विक्रीपद्धतीसाठी समान आचारसंहिता काढली. आमच्या बैठकीने ती चिवड्याच्या ताटलीपुरती आधीच पाळली होती.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सोबत म्हणजे पाठराखण नव्हे. आमच्यातील एकजण अंगदुखीच्या प्रत्येक रोग्याला स्टेरॉइडचे इंजेक्शन देत असे. रोग्यांना झटपट बरे वाटे, गर्दी वाढली. दादांनी एका गुरुवारी सर्वांदेखत विचारले, "तुमच्या आईला हे द्याल का?" तो उठून गेला. तीन महिने आला नाही. मग एके दिवशी आला, आपल्या खुर्चीवर बसला, आणि पहिलाच रोगी सांगितला तो स्टेरॉइडने हाडे ठिसूळ झालेल्या एका म्हातारीचा. कोणी काही बोलले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्यापुढे चहा ठेवला. जी बैठक एकमेकांचे दोष झाकते ती टोळी होते. जी नुसते दोष काढते ती कचेरी होते. या दोहोंमधली वाट कठीण आहे, पण ती आहे.

२००९ साली ही बैठक बंद पडली. दादा त्याआधीच गेले होते. कोणाची मुले परदेशी, कोणाचे स्वतःचे रुग्णालय झालेले, कोणाला वेळ नाही. ती बंद पडली असे म्हणतो खरे, पण ती आम्ही बंद पडू दिली. चालविण्याचा वारसा आमच्याकडे आला होता, आणि आम्ही तो सांभाळला नाही. आज ही कबुली देण्यासाठीच आम्ही हा विषय निवडला.

आता मंडळाशी संबंध. आम्ही या गावी आलो तेव्हा आम्हाला ओळखणारे कोणी नव्हते. गणेशोत्सवात या मंडळाच्या मांडवात प्रथम पाऊल ठेवले आणि कोणीतरी विचारले, "कधी आलात? जेवणाची सोय काय?" परमुलखात माणूस सतत सावध बोलतो, शब्द तोलून वापरतो. या वास्तूत आल्यावर तो सावधपणा खाली ठेवता येतो. पन्नास वर्षे मंडळाने हेच काम केले आहे. उपकेंद्रात एकटी बसणारी परिचारिका, आयुष्मान आरोग्य मंदिरातील तरुण सामुदायिक आरोग्य अधिकारी, तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून खेड्यात गेलेला ग्रामीण वैद्यकीय सहायक, आणि गल्लीतला डॉक्टर, ही सर्व माणसे स्वतःच्या गावात असली तरी आपल्या व्यवसायात परमुलखातच राहतात. त्यांनाही असा एक मांडव हवा आहे.

म्हणून आमचे मागणे असे. मंडळाच्या वास्तूतील वरची लहान खोली महिन्यातील पहिल्या गुरुवारी संध्याकाळी दोन तास या माणसांसाठी द्यावी. भाडे घेऊ नये. त्यांतील बहुतेक मराठी नसतील. बैठक हिंदीत आणि छत्तीसगढीत चालेल. मंडळाची वास्तू सभासदांसाठीच, हा नियम आम्हाला ठाऊक आहे. तो करणाऱ्यांत आम्हीही एक होतो. परंतु या पन्नास वर्षांत आपल्या मुलांचे जन्म ज्यांच्या हातून झाले, आपल्या वडीलधाऱ्यांच्या उशाशी जे रात्री बसले, त्यांची मातृभाषा आपण तेव्हा विचारली नव्हती. आम्हाला सिकलसेलची ओळख नव्याने पटवून देणारे दादा बंगाली होते.

दिवा लावण्याचे आणि चहाचे काम आम्ही पत्करतो. पहिल्या गुरुवारी एकच माणूस आले तरी बैठक होईल. कोणीच आले नाही तर आम्ही दोन तास बसून राहू आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ.